दाराशी बसलेल्या अंबुजाबाई

अंबुजाबाईंनी मला पहिल्या भेटीत विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तूं देशांतली का गे? मग सांग, तुझ्या हापिसांतल्या लोकांच्या घरीं संडासास दार असतें की नसतें?"

मी सांगलीची. तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत होते. आमच्या कंपनीला त्या वर्षी समाजकार्य करण्याची सक्ती झाली, म्हणून तिने जवळची एक सरकारी शाळा दुरुस्तीला घेतली. पहिलीपासून आठवीपर्यंतची ती शाळा. तिचं नाव मी सांगत नाही, कारण तशा शाळा आसपास पुष्कळ आहेत आणि उगीच एकीचीच बदनामी नको.

दुरुस्ती काय करायची हे लोकांनाच विचारायचं, असं ठरलं होतं. हे विचारण्याचं काम कार्तिककडे होतं. कार्तिक हा आमच्याकडचा समाजकार्य विभागाचा प्रमुख. तागाचे सदरे घालायचा, आणि 'लोक' हा शब्द उच्चारताना डोळे किंचित मिटायचा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत एक म्हातारी फार अडचणीची आहे आणि ती घरी मराठी बोलते, हे त्याला कुठून तरी कळलं. त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच भाषेच्या. तू तिला सांभाळ."

एकाच भाषेच्या, हे कार्तिकचं मत. अंबुजाबाईंचं घराणं दहा-बारा पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेलं. त्या "जेवण जाहलें का?" असं विचारायच्या आणि मला वाटायचं, इतिहासाच्या पुस्तकातलं एखादं पत्र उठून माझी विचारपूस करतंय. त्यांचं निम्मं मला कळायचं नाही. माझं सगळंच त्यांना कळायचं, पण पटायचं नाही. सांगली कुठे आहे हे मी त्यांना चारदा समजावलं. त्यांच्या लेखी सगळा मराठी मुलूख म्हणजे 'देश'. शेवटपर्यंत मी 'देशांतली पोर'च राहिले.

या बाई त्याच शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. तमिळमध्ये शिवणाला तय्यल म्हणतात, म्हणून सगळा परिसर त्यांना 'तय्यल टीचर' म्हणे. वय सत्तरीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, सुती साडी, आणि गळ्यात टेप. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी ती टेप कायम लोंबत असायची. पदराच्या काठाला टाचण्या टोचलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना कुणी जवळ घेत नसे. याचं त्यांना दुःख असावं असं कधी दिसलं नाही.

समोरच्याच्या कपड्यावर सुटलेला दोरा दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. बोलणं चालू असतानाच त्या तो दोरा धरायच्या आणि ओढायच्या. कार्तिकच्या बाहीचा दोरा त्यांनी पहिल्याच दिवशी ओढला आणि बाहीची अख्खी मोहरी उसवून खाली आली. "किती दिले?" त्यांनी विचारलं. कार्तिकने आकडा सांगितला. बाईंनी तो दोरा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

समितीत त्यांची नेमणूक 'शिक्षणप्रेमी सदस्य' या जागेवर झाली होती. समितीत अशी एक जागा असते. बाकीच्या सदस्यांना शिक्षणाबद्दल काय वाटतं, ते कागदावर लिहिलेलं नाही.

लोकांना विचारण्याची सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. पंचवीस-तीस आया आल्या होत्या. बहुतेक जणी वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत काम करणाऱ्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या. कार्तिकने भिंतीवर एक मोठा तक्ता लावला : 'आमच्या स्वप्नातली शाळा'. त्यावर पाच चित्रं होती. स्मार्ट वर्ग, वाचनकट्टा, रंगीत भित्तिचित्र, प्रवेशाची कमान आणि फोटो काढण्यासाठी एक सजवलेला कोपरा. प्रत्येक आईला हिरव्या गोल टिकल्यांचा एक कागद दिला होता. जे हवं असेल त्या चित्राखाली टिकली चिकटवायची. याला लोकसहभाग म्हणतात.

अंबुजाबाई उठल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तक्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला.

"यात मुलींचा संडास कुठे आहे?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. माझ्याशी सोडून बाकी सगळ्यांशी त्या तमिळच बोलत. नोकरीमुळे मलाही ते येऊ लागलं होतं.

"आंटी, ही स्वप्नांची यादी आहे," कार्तिक म्हणाला. "दुरुस्त्या नंतर."

"या वयात मला तेच स्वप्न पडतं," बाई म्हणाल्या. "दोनदा उठावं लागतं."

आया पदराआड हसल्या. कार्तिकनेही हसून वहीत काहीतरी लिहिलं. बाईंनी आपला टिकल्यांचा कागद उचलला आणि त्या व्हरांड्यातून खाली उतरल्या. मागच्या जुन्या इमारतीत जाऊन त्यांनी चौथीच्या वर्गाच्या भिंतीवरच्या तड्यावर एक टिकली लावली. मग पावसाळ्यात जिथे पाणी ठिबकतं तिथे, जमिनीवर, दुसरी. मोडक्या खिडकीवर तिसरी. एकेक करत आया त्यांच्या मागे निघाल्या. मागच्या अंगणात मुलींचे दोन संडास होते. एकाला दारच नव्हतं आणि दुसऱ्याचं दार खालून गुडघ्यापर्यंत कुजलेलं. त्या कुजलेल्या दारावर इतक्या टिकल्या लागल्या की ते रंगवल्यासारखं दिसू लागलं. तक्त्यावर शेवटी चार टिकल्या होत्या. त्यांतल्या दोन मुख्याध्यापिका मल्लिका मॅडमनी भीतीपोटी लावलेल्या.

कार्तिकच्या अहवालात हे असं आलं : 'समुदायाचा सहभाग इतका उत्स्फूर्त होता की तो तक्त्यात मावला नाही.' आणि कमान मंजूर झाली.

मग इमारत तपासायला एक सरकारी अभियंता आले. चौथीच्या वर्गाचं छत जुन्या पद्धतीचं, लाकडी तुळयांवर विटा आणि चुना घातलेलं. त्यातून अधूनमधून चुन्याचे पोपडे खाली यायचे, म्हणून मुलं मधली जागा सोडून भिंतीकडेने बसायची. अभियंत्यांनी दारातूनच वर पाहिलं. "वरवरचा गिलावा आहे. इमारत भक्कम आहे," असं सांगून त्यांनी कागद काढला.

"बसा ना, चहा आणते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वर्गाच्या बरोबर मध्यावर खुर्ची ठेवली.

ते बसले. चहा आला. त्यांनी वर पाहिलं आणि खुर्ची जरा मागे घेतली. बाईंनी चहाचा पेला होता तिथेच, पुढे, स्टुलावर ठेवला. ते पेला घ्यायला पुढे वाकले, घोट घेतला, परत मागे गेले. मग खुर्चीसकट डावीकडे सरकले. असं करत करत चहा संपेपर्यंत ते भिंतीला टेकलेले होते, अगदी जिथे चौथीतली मुलं बसतात तिथे.

"सही इथेच बसून करा," बाई म्हणाल्या. "इमारत भक्कम आहे."

त्यांनी सही केली नाही. पण दुरुस्तीची शिफारसही केली नाही. 'पुन्हा पाहणी करावी' असं लिहून गेले. सरकारी कागदावर एवढं वाक्य मिळवायला सुद्धा एक म्हातारी आणि एक पेला चहा लागतो.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं मात्र माझ्या हातून घडलं.

संडासाला दार नाही म्हणून सहावी ते आठवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. काही मुली दुपारचं जेवण झालं की घरी जात आणि परत येत नसत. मल्लिका मॅडम हजेरीत त्यांना हजर दाखवत. त्यांचाही इलाज नव्हता. हे पाहून अंबुजाबाईंनी, दार येईल तेव्हा येईल म्हणून, दोन पडदे शिवले. गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचे, दुहेरी. वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत बारीक खडे भरलेले. आतल्या बाजूने बांधायला दोन्हीकडे तीन-तीन बंद. कुजलेलं दार काढून टाकून दोन्ही ठिकाणी पडदे लावले. ती शिलाई पाहून मी खरोखर थक्क झाले. मी फोटो काढला आणि कौतुकाने कार्तिकला पाठवला.

पंधरा दिवसांनी आमच्या कार्यालयातल्या सभेत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो फोटो झळकला. खाली लिहिलं होतं : 'समुदायाने स्वतः शोधलेला, स्थानिक, कमी खर्चाचा उपाय.' टाळ्या वाजल्या. पुढच्या पानावर कामांची यादी होती. कार्तिकने भांडून भांडून 'मुलींचे संडास' हे काम तळाशी घालून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आता त्याच्यासमोर 'प्रश्न सुटला' असं लिहून ते काम रद्द केलेलं होतं. त्याचे पैसे कमानीवरच्या अक्षरांना गेले.

हे बाईंना सांगायला मला दोन दिवस लागले. त्या घरी मशीनवर बसल्या होत्या. ऐकून त्यांनी पाय थांबवला.

"म्हणजे माझ्या पडद्यानें दार गेलें?"

"फोटो मी काढला, बाई."

"तूं फोटो काढलास. पडदा मीं लावला." त्यांनी चाक हाताने फिरवून अडकलेली सुई वर घेतली. मग म्हणाल्या, "कॉफी घे. निवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी दोन्ही पडदे काढून आणले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. चार-पाच आया आल्या. पुढे देवी होती. तिची मुलगी आठवीत, ती स्वतः एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बांधायची. ती बाईंच्याच हाताखाली शिवण शिकलेली, त्यामुळे अदबीने दारातच थांबून बोलत होती.

"टीचर, एवढा आडोसा होता तोही काढलात?"

"आडोसा आहे तोवर दार येणार नाही, देवी."

"ते तुम्ही कंपनीला दाखवा. त्यांच्यावरचा राग आमच्या पोरींवर का? माझी पोर आज दहा वाजता घरी आली. उद्या जाणार नाही म्हणते."

आया निघून गेल्या. बाईंनी पडद्यांची घडी केली, उलगडली, परत केली. "तिचें बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण माझेंही चूक नाहीं."

सकाळी त्या घरातलं लाकडी स्टूल उचलून शाळेत गेल्या आणि मुलींच्या संडासाच्या चौकटीसमोर बसल्या. संडासाकडे पाठ, तोंड मुख्याध्यापिकांच्या खिडकीकडे. दुसऱ्या संडासाच्या चौकटीत त्यांनी एक जुना फळा उभा करून तो बंदच केला. मुलगी आली की त्या उभ्या राहायच्या, पदर दोन्ही हातांनी पसरायच्या आणि समोर बघत राहायच्या. साडी कमी रुंद पडते असं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून घरून चादर आणू लागल्या. सकाळची छोटी सुट्टी, जेवणाची सुट्टी, दुपारची छोटी सुट्टी. मार्चचं ऊन होतं. मधल्या वेळात त्या मुलांची तुटलेली बटणं लावायच्या. त्यांच्यासमोर बटणांची रांग लागायची.

मल्लिका मॅडम तिसऱ्या दिवशी आल्या. "टीचर, आत पंख्याखाली बसा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं."

"दिसावं म्हणूनच बसलेय. तुम्हाला खिडकीतून नीट दिसतंय ना? नाहीतर जरा सरकते."

कार्तिकही आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखर लाज वाटली असावी, कारण त्याने त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. म्हणाला, "आंटी, पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं काम हेच."

"पुढच्या वर्षीपर्यंत मुलींनी काय करायचं?"

बाईंनी त्याच्या खिशाजवळचा एक दोरा पाहिला, पण या वेळी ओढला नाही. सुई काढून तिथल्या तिथे टाका घालून दिला.

आठवडा झाला. बाईंचे पाय सुजले. मी पाहिले, पण त्यांनी बोलू दिलं नाही. मग एका दुपारी देवी आली. तिची सकाळची पाळी होती, ती संपवून थेट आली. तिने चादरीचं एक टोक धरलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर धर. खांद्याच्या वर." एवढंच. दुसऱ्या दिवशी देवीने आणखी दोघींना आणलं. मग त्यांनी पाळ्या लावल्या. कारखान्यात पाळ्या लावतात तशाच, कागदावर, आणि कागद मॅडमच्या खिडकीवर चिकटवला. वर ठळक लिहिलं : 'संडासाचे दार'. खाली रोजची दोन-दोन नावं. आज सोमवार, आजचं दार देवी आणि सेल्वी.

याच सुमाराला कमान पूर्ण झाली. उद्घाटनाला दिल्लीहून कंपनीचे मोठे साहेब येणार, असं कळलं. कार्तिक धावत आला. "फक्त त्या एका दिवशी, आंटी, आत बसा."

"त्या दिवशी तर आम्ही सगळ्या येणार," देवीने सांगितलं. "सुट्टी टाकलीय."

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी कंपनीच्या टेम्पोतून दोन दारं आली. निळी, प्लास्टिकची, नवी कोरी. कितीतरी महिने ज्या कामाला यादीत जागा नव्हती, ते दीड तासात पुरं झालं. सुतार जायला निघाला तेव्हा बाईंनी दार ढकलून पाहिलं. कडी बाहेरून होती.

"मुलींना कोंडायचंय की जाऊ द्यायचंय?" त्यांनी सुताराला विचारलं. त्याने कड्या काढून आतून लावल्या.

उद्घाटनाच्या दिवशी कमानीला झेंडूच्या माळा, बँडवर आठवीची मुलं, आणि साहेब. साहेबांना तमिळ येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून मी. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग कार्तिकने 'आमचं आणखी एक यश' दाखवायला सगळा लवाजमा मागच्या अंगणाकडे वळवला. एका दाराच्या मुठीला फुलांची माळ बांधलेली होती. दुसरं दार बंद होतं. आतून बंद होतं.

सगळे थांबले. तबक धरलेल्या दोन मुली, कात्री घेतलेल्या मल्लिका मॅडम, साहेब, कार्तिक, मी. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग परत ओतल्याचा. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. कार्तिक कमानीच्या वास्तुरचनेबद्दल काहीतरी बोलू लागला आणि मध्येच थांबला.

कडी सरकली आणि अंबुजाबाई बाहेर आल्या, हात पदराला पुसत. त्यांनी दार एकदा मिटून, एकदा उघडून पाहिलं आणि देवीला म्हणाल्या, "लागते नीट." मग समोर उभ्या माणसांकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी साहेबांना तमिळमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" साहेबांनी मला विचारलं.

तोवर मी त्या शाळेत जे जे भाषांतर केलं होतं, ते थोडं साखर घालून केलं होतं. त्या दिवशी घातली नाही. "त्या विचारतायत, तुम्हाला जायचंय का?"

साहेब जरा घुटमळले. विमानतळापासून अंबत्तूरपर्यंतचा रस्ता आणि त्यावरची वाहतूक त्यांनी नुकतीच सोसली होती. "खरं तर, हो," ते म्हणाले, आणि आत गेले.

बाईंनी स्टूल ओढलं आणि सवयीने दाराकडे पाठ करून बसल्या. बँड थांबला होता. सगळी सभा आदबीने उभी होती.

कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत कमानीचा फोटो आहे. दारांचा नाही. आयांच्या त्या पाळ्यांना तिथे 'महिलांचा स्वच्छता जागृती गट' म्हटलं आहे आणि तो आमच्या कंपनीने स्थापन केला, असं लिहिलं आहे. मी ते पान बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तिकेचा कागद बोटांत चोळून पाहिला. "कागद बहुत चांगला," म्हणाल्या. "कापड बेतायास नमुने कापतां येतील." आणि खरंच कापले.

पुढच्या वर्षी समिती नव्याने झाली, तेव्हा शिक्षणप्रेमी सदस्याच्या जागी दुसरं कुणीतरी आलं. शिक्षणावर त्यांचं किती प्रेम आहे ते मला माहीत नाही. ते कमान बांधणाऱ्याचे मेहुणे आहेत. पण पालकांच्या बाजूने देवी निवडून आली. पहिल्याच सभेत तिने 'पुन्हा पाहणी करावी' हा कागद काढून, पाहणी कधी, एवढंच विचारलं. मग दर सभेत तेच विचारत राहिली.

माझी बदली पुण्याला झाली. जायच्या दिवशी सामान गाडीत भरून मी बाईंच्या घरी गेले, तर कुलूप. शेजारणीने शाळेकडे बोट दाखवलं. मी गाडी शाळेकडे वळवली.

मागच्या इमारतीच्या गच्चीवर दोन गवंडी काम करत होते. चौथीच्या वर्गाच्या छतातून एक पिंपळ उगवला होता. गवंड्याने तो वरच्या वर छाटला होता आणि मुळांवरच चुना ओतायला घेतला होता. खाली उन्हात छत्री धरून अंबुजाबाई उभ्या होत्या. समितीत त्या नव्हत्या आणि त्यांना तिथे कुणी बोलावलंही नव्हतं. मान वर करून त्या गवंड्याला सांगत होत्या की मूळ आत ठेवून वरून झाकलंस तर दोन पावसाळ्यांत ते विटा फोडून बाहेर येईल, सगळं उकर. गवंडी वरून काहीतरी म्हणाला. बाईंनी तेच वाक्य परत म्हटलं, थोड्या मोठ्याने.

मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. फक्त मोकळा हात माझ्या दिशेने उचलला, थांब म्हणून.

मी थांबले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. गवंड्याने शेवटी पहार उचलली आणि पहिला घाव घातला. बाई अजून वरच बघत होत्या. फाटकाशी गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. माझं विमान होतं. मी निघाले तेव्हा त्यांचा हात तसाच वर होता.